नम्रताची डबी

जयगडला जेट्टीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर नम्रताचं पार्लर आहे. घराचीच पडवी, तिला सरकतं काचेचं दार, आत दोन खुर्च्या आणि भिंतभर आरसा. दारावर 'फक्त महिलांसाठी' असं लिहिलेलं. अठरा वर्षांपूर्वी ती संगमेश्वराकडच्या आतल्या एका गावातून लग्न होऊन इथे आली, तेव्हा भुवया कोरून घ्यायच्या तरी बायकांना रत्नागिरी गाठावी लागे. पुढच्या वर्षी नम्रताने तीन महिने रोज एसटीने रत्नागिरीला जाऊन कोर्स केला. दर्शन तेव्हा पोटात होता. गाडी वळणं घेऊ लागली की तिला मळमळायचं, मुठीत लिंबू धरून बसायची, पण एक दिवस चुकवला नाही.

हळूहळू गाव तिच्याकडे यायला लागलं. वाडीतल्या बायका आल्या, मोहल्ल्यातल्या आल्या, बंदरातल्या साहेबांच्या बायकाही गाडीतून उतरायला लागल्या. तिचा हात हलका होता, भुवई कोरताना डोळ्यातून पाणी येत नसे. पण तिचं नाव झालं ते भुवयांमुळे नव्हे, डबीमुळे.

डबीची कृती कोर्सच्या मॅडमनी शेवटच्या आठवड्यात चार निवडक मुलींना शिकवली होती. साधं कोल्ड क्रीम, थोडा कोरफडीचा गर आणि मेडिकलमध्ये मिळणारी एक ट्यूब. तिन्ही एकत्र घोटायचं आणि छोट्या पांढऱ्या डबीत भरायचं. आठ दिवसांत चेहरा उजळायचा, पुटकुळ्या बसायच्या. ट्यूबवर तांबडी रेघ होती आणि खाली बारीक इंग्रजी अक्षरं. "ही रेघ कसली?" असं नम्रताने तेव्हा विचारलं होतं. "सगळ्याच औषधांवर असते," मॅडम म्हणाल्या. पुढे तिने कोणाला विचारलं नाही, आणि मेडिकलवाल्याने तिच्याकडे कधी डॉक्टरची चिठ्ठी मागितली नाही. सोळा वर्षं ती डब्या भरत होती. लग्न ठरलेली मुलगी आली की तिची आई हळूच म्हणायची, "नम्रता, डबी दे गो एक."

दर्शन दहावीत गेला आणि त्याच्या चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्या. त्यात नवल नव्हतं. पण दिवाळीपर्यंत त्या पुटकुळ्या राहिल्या नाहीत, गाठी झाल्या. त्या वर तोंड काढत नसत. कातडीच्या खाली, जबड्याच्या हाडालगत, चिंचोक्याएवढ्या टणक. लालबुंद आणि गरम. बोट लागलं तरी पोरगा दचकायचा. कुशीवर झोपता येईना. एक बसेस्तोवर दोन उठायच्या, आणि बसली तरी मागे खड्डा ठेवून जायची.

"अंगातली उष्णता हाय ती," तिच्या सासूबाई विमला म्हणाल्या. सकाळ-संध्याकाळ सब्जाचं पाणी सुरू झालं, तळलेला बांगडा बंद झाला. दर्शनचा बाप संदेश बंदरात ट्रकांच्या वजनकाट्यावर ड्युटीला. त्याला हे सगळं हसण्यावारी न्यायचं होतं. "वय आहे. मला पण आलेल्या. बायकांसारखा आरशासमोर उभा राहू नको, जातील आपोआप." दर्शन त्या दिवसापासून घरातल्या आरशासमोर कोणाला दिसला नाही.

नम्रताने एकदा त्याला म्हटलं होतं, पार्लर रिकामं आहे, बस, वाफ देते. त्याने दारावरच्या पाटीकडे बोट दाखवलं आणि निघून गेला. डबी त्याला द्यावी असं तिच्या मनात आलं नाही. डबी बायकांची. शिवाय संदेशने पाहिलं असतं तर पोराची टिंगल झाली असती.

दहावीची परीक्षा झाली आणि एप्रिलच्या शेवटी गाठी बसू लागल्या. मे महिन्यात तर चेहरा आरपार स्वच्छ झाला, उलट पूर्वीपेक्षा उजळ. नम्रता फेरीने खाडी ओलांडून वेळणेश्वरला गेली आणि शंकरापुढे नारळ ठेवून आली. देवाने ऐकलं, असं तिला मनापासून वाटलं.

श्रावणात सगळं उलटलं. ह्या वेळी नुसत्या गाठी नव्हत्या. दोन्ही गाल पेटल्यासारखे लाल, त्यावर बारीक पुरळ, मधे मधे मोठ्या गाठी, काहींतून पू आणि रक्त. उन्हात गेला की चेहरा भाजल्यासारखा व्हायचा. अकरावीचं कॉलेज नुकतंच सुरू झालेलं, एसटीने वीस मिनिटांवर. तो केस वाढवून गालांवर ओढू लागला. मास्क लावू लागला. नम्रताने विचारलं तर म्हणाला, "धूळ असते."

मास्कचं खरं कारण तिला एक दिवस त्याच्याच फोनवर कळलं. तो आंघोळीला गेला होता आणि फोन टेबलावर वाजला. वर्गाच्या ग्रुपवर कोणीतरी दोन फोटो शेजारी शेजारी टाकले होते. एक दर्शनचा, मास्क काढून डबा खाताना लपून घेतलेला. दुसरा जांभ्या दगडाच्या तांबड्या, भोकाभोकांच्या चिऱ्याचा. खाली लिहिलं होतं, 'जांभ्या.' आणि त्याखाली एकोणतीस हसरे चेहरे. तिने फोन होता तसा ठेवला. त्या दुपारी तिने एका बाईची भुवई वाकडी कोरली, पार्लर सुरू केल्यापासून पहिल्यांदा.

सप्टेंबरच्या शेवटी कॉलेजातून फोन आला. सर म्हणाले, "दर्शनची तब्येत कशी आहे? बावीस दिवस झाले, आला नाही."

नम्रताच्या हातातला दोरा तसाच राहिला. दर्शन रोज सकाळी सात वाजता बॅग घेऊन निघत होता. डबा नेत होता, रिकामा आणत होता. आजही गेला होता.

"ताप आहे त्याला," ती म्हणाली. खोटं का बोलली हे तिलाच कळलं नाही. समोर बसलेल्या बाईला तिने हात जोडले, दार ओढलं आणि निघाली. एसटी स्टँडवर विचारलं, कोणी पाहिलं नव्हतं. चहाच्या टपरीवर विचारलं. किल्ल्यापर्यंत धापा टाकत गेली, बुरुजावर दोन-तीन पर्यटक फोटो काढत होते, बाकी कोणी नाही. दर्शनचा फोन बंद. संदेशला फोन लावायला काढला आणि पुन्हा पदरात धरला. काय सांगायचं होतं त्याला?

ती जेट्टीवर आली. फेरीचं तिकीट फाडणारा गंगाराम तिला ओळखत होता.

"तुमचा दर्शन?" तो म्हणाला. "तो रोज येतो की वैनी. सकाळच्या फेरीला चढतो तो दुपारपर्यंत इकडून तिकडं, तिकडून इकडं. मी आता तिकीट पण मागत नाय. कोणाशी बोलत नाय पोरगं. रेलिंगला धरून उभं असतं, खाली पाण्याकडं बघत."

"आत्ता कुठे आहे?"

"गेलाय पलीकडं. येईल आता."

खाडीपलीकडे तवसाळच्या धक्क्याला फेरी लागलेली दिसत होती, काडेपेटीएवढी. नम्रता जेट्टीच्या कडेला उभी राहिली. ती वेळ म्हणजे तिच्या आयुष्यातली सगळ्यात लांब पंधरा मिनिटं, असं ती पुढे सांगायची. फेरी निघाली. खाडीच्या मध्यावर आली. रेलिंगला एक निळा शर्ट दिसत होता. तिने त्या शर्टावरून नजर हलवली नाही, जणू नजर हलली तर शर्ट दिसेनासा होईल. गाड्या उतरल्या, माणसं उतरली, आणि सगळ्यात शेवटी तो. आईला पाहून तो थांबला.

ती ओरडली नाही. जेट्टीच्या कठड्यावर त्याच्या शेजारी बसली.

"इथे का येतोस?"

"इथे कोणी ओळखत नाही. फेरीवरचे पर्यटक गाडीतून उतरत पण नाहीत."

"फोटो मी बघितला."

त्याने मास्क वर ओढला. मास्कच्या कडेला पूचा पिवळा डाग होता.

"दर्शन, मला खरं सांग. रेलिंगला उभा असतोस तेव्हा काही वाईट येतं का मनात?"

खालून पाणी कठड्याला लागत होतं.

"कधी कधी येतं," तो म्हणाला.

त्या दिवशी संदेश ड्युटीवरून आला तेव्हा नम्रताने त्याला सगळं एका दमात सांगितलं, गंगारामचं बोलणंसुद्धा. तो बूट न काढता तसाच बसून राहिला. मग सुपरवायझरला फोन करून म्हणाला, "उद्या येत नाही. मुलाला दवाखान्यात न्यायचंय."

रत्नागिरीत डॉ. इफ्फत ह्या त्वचेच्या डॉक्टरांकडे तास-दीड तास बसावं लागलं. पन्नाशीच्या, डोक्यावरून ओढणी, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी दर्शनला मास्क काढायला सांगितलं, दिव्याखाली त्याचा चेहरा दोन्ही बाजूंनी पाहिला. हात लावताना आधी म्हणाल्या, "दुखेल, सांग मला." दुखलं तेव्हा थांबल्या.

मग त्यांनी कागद ओढला आणि चित्र काढलं. "हे केसाचं मूळ. त्याच्याजवळ ही तेलाची पिशवी. तुझ्या वयात शरीर बदलतं, ही पिशवी जास्त तेल करायला लागते. वरचं तोंड बुजलं की तेल आत अडकतं. तिथे जंतू वाढतात, सूज येते. बहुतेकांचं वरच्यावर राहतं, फुटून जातं. तुझी पिशवी आतल्या आत खोलवर फुटते, म्हणून गाठ होते. ह्याला आम्ही सिस्टिक अ‍ॅक्ने म्हणतो. तू चेहरा धूत नाहीस म्हणून हे झालेलं नाही. मासे खाल्लेस म्हणून नाही. चिडून घासलास तर वाढेल, गाठ दाबलीस तर खड्डा पडेल, एवढंच तुझ्या हातात आहे. बाकी तुझी काही चूक नाही."

दर्शन डॉक्टरांकडे बघत होता. त्याची मान इतक्या महिन्यांत पहिल्यांदा वर होती.

"घरात कोणाला होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

संदेशने दाढीवरून हात फिरवला. "मला. दाढीखाली खड्डे आहेत." तो मुलाकडे न बघता म्हणाला, "मी ह्याला कधी सांगितलं नाही. नुसता हसायचो."

डॉक्टरांनी मान हलवली. मग त्या पुन्हा दिव्याखाली वाकल्या आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण ही लाली त्यातली नाही. ही कातडी पातळ झालीय, शिरा दिसतायत. काय लावतोस चेहऱ्याला?"

"काही नाही."

"दर्शन, ज्याने बिघडलं ते कळल्याशिवाय मला औषध देता येणार नाही."

त्याने बॅगेच्या आतल्या खणातून काहीतरी काढलं आणि टेबलावर ठेवलं. पांढरी, बिनलेबलाची, छोटी डबी.

नम्रताला आधी वाटलं, अशा डब्या बाजारात हजार मिळतात. मग तिने झाकणावरची मार्करची खूण पाहिली. तीन ठिपके. दाट मिश्रणाची खूण. ती तिनेच करायची.

डॉक्टरांनी झाकण उघडून वास घेतला. "ह्या डब्या महिन्याला दहा तरी माझ्याकडे येतात. आत स्टिरॉइड असतं. सूज दाबतं, म्हणून पहिले दोन महिने चेहरा सुरेख दिसतो. मग कातडी त्याच्यावाचून राहू शकत नाही, आणि खालून सगळं दुप्पट उसळतं. कुठून आणलीस?"

"दुकानातून," दर्शन म्हणाला.

"कुठल्या?"

त्याने आईकडे चुकूनही पाहिलं नाही. तो तिला वाचवत होता, हे तिला कळलं. गप्प राहिलं तर हे इथेच संपणार होतं. डॉक्टर औषध लिहून देणार होत्या, घरी जाऊन डब्या फेकून देता आल्या असत्या, कोणाला काही कळलं नसतं.

"माझी आहे," नम्रता म्हणाली. "मी बनवते. माझं पार्लर आहे जयगडला."

संदेश तिच्याकडे वळून बघत होता.

"मी त्याला दिली नव्हती," ती म्हणाली. मग दर्शनला म्हणाली, "कधीपासून?"

"एप्रिलपासून. तुझ्या कपाटातून घ्यायचो. तू सगळ्यांना देतेस. सगळ्यांचे चेहरे चांगले होतात."

डॉक्टर तिच्यावर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं. त्यांनी फक्त विचारलं, "सध्या किती जणी वापरतायत?"

नम्रताने मनात मोजलं. "वीस-बावीस."

"त्यांना बंद करायला सांगा. आणि हेही सांगा की बंद केल्यावर चेहरा आधी बिघडेल, मग सुधारेल. घाबरून पुन्हा लावू नका म्हणावं. माझ्याकडे पाठवा, कुठल्याही त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवा." मग त्यांनी दोघांना बाहेर बसायला सांगितलं आणि दर्शनशी एकट्याशी वीस मिनिटं बोलल्या. दार उघडलं तेव्हा त्याचे डोळे लाल होते, पण तो सरळ चालत होता. हातात दोन चिठ्ठ्या. एक औषधांची, दुसरीवर एका समुपदेशक बाईंचा नंबर. "औषध सुरू करतोय," डॉक्टर म्हणाल्या. "रक्त तपासून महिन्याभराने जोराची गोळी देऊ. ओठ फुटतील, कातडी कोरडी पडेल, ते चालतं. पण तो गप्प गप्प झाला, झोपेना, जेवेना, काही विचित्र बोलला, तर भेटीची वाट बघू नका. त्याच दिवशी फोन करा."

परतीच्या एसटीत दर्शन खिडकीशी बसला होता. चाफे गावाच्या तिठ्यावर गाडी थांबली तेव्हा तो हळूच म्हणाला, "कशाला सांगितलंस? आता सगळ्या तक्रार करतील."

"करू देत," नम्रता म्हणाली. पण बोटांवर ती त्या वीस-बावीस जणींची नावं मोजत होती.

पुढचा महिना कसा काढला ते तिचं तिला माहीत. डॉक्टर म्हणाल्या तसंच झालं. डबी बंद केल्यावर पाचव्या दिवशी दर्शनचा चेहरा इतका सुजला की डावा डोळा अर्धा मिटला. विमलाबाई म्हणाल्या, "डाक्टरणीनं पोराला मारलं." नम्रता त्याच्या पाळतीवर असायची. तो न्हाणीघरात गेला की ती बाहेर भांडी घासत बसायची, घासून झालेली पुन्हा घासायची. पाण्याचा आवाज थांबला की त्याला हाक मारायची. संदेशने एक दिवस काही न बोलता स्क्रूड्रायव्हर आणला आणि न्हाणीघराच्या आतली कडी काढून टाकली. दर्शनने ते पाहिलं. "मी काही करणार नाही," तो म्हणाला. "बाई बोलतात माझ्याशी दर बुधवारी फोनवर. त्यांना मी सांगतो सगळं." कडी मात्र कोणी परत लावली नाही.

आणि त्याच महिन्यात ती घरोघर गेली.

फोनवर सांगणं सोपं होतं, पण फोनवर कोणी ऐकून घेतलं नसतं. काहींनी हसून सोडून दिलं. "आम्हाला काय झालं नाय गो, तू कशाला घाबरतेस?" एकीने उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. दोघींनी आपापले गाल तिच्यापुढे धरले. लाल, शिरा दिसणारे, हनुवटीवर लव वाढलेली. त्या वर्षभर तिच्याकडेच ब्लीच करायला येत होत्या, आणि ती त्यांना आणखी एक डबी देत होती.

शिफाचं घर तिने शेवटी ठेवलं होतं. शिफाचं लग्न वीस दिवसांवर होतं. बारावी झालेली, हसरी मुलगी, तिलाही नववी-दहावीपासून गाठी यायच्या. गेले पाच महिने ती डबी लावत होती आणि चेहरा आरशासारखा लखलखत होता. तिची आई मरियम मोहल्ल्यात नम्रताची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक. लग्नाचा मेकअप नम्रतानेच करायचा हे तिने साखरपुड्याच्या दिवशीच सांगून ठेवलं होतं.

नम्रताने चटईवर बसून सगळं सांगितलं. दर्शनचं, डबीचं, डॉक्टरांचं. मरियमचा हात पानदानावर थांबला.

"वीस दिवस राहिले, आणि आता सांगतेस?"

"मला पंधरा दिवसांपूर्वी कळलं."

"मग वीस दिवस अजून गप्प राहायचं होतंस. निकाह झाल्यावर सांगायचं होतंस. आता बंद केली तर पोरीचं तोंड कसं दिसेल पाहुण्यांपुढे?"

"वाईट दिसेल," नम्रता म्हणाली. "पण आज नाही सोडली तर पुढे आणखी वाईट."

"अल्लाची शप्पत, नम्रता, तुझ्यावर मी बहिणीसारखा विश्वास ठेवला." मरियम उठून आत गेली. ती पुन्हा बाहेर आली नाही.

शिफा दारापर्यंत आली. "काकी, डॉक्टरबाईंचा नंबर द्या," तिने हळूच म्हटलं. "मला आधीपासून जळजळ होते. अम्मीला सांगितलं नव्हतं."

शिफा डॉक्टरांकडे गेली. लग्न व्हायचं होतं, म्हणून तिला ती जोराची गोळी दिली नाही. त्या गोळीवर असताना दिवस राहिले तर बाळाला धोका असतो, हे डॉक्टरांनी तिला आणि होणाऱ्या नवऱ्याला दोघांना बसवून सांगितलं. दुसरं औषध दिलं. लग्नात तिचा चेहरा सुजलेला होता. मेकअपला मरियमने रत्नागिरीहून दुसरी बाई आणली. नम्रताला बोलावणं आलं नाही. त्या दिवशी मोहल्ल्यातून लाऊडस्पीकरचा आवाज येत होता आणि ती पार्लरच्या रिकाम्या खुर्चीत बसून होती. संदेश दोन वेळा चहा घेऊन आला, दोन्ही वेळा कप तसाच राहिला.

पार्लर सहा महिने जवळजवळ ओस पडलं. कोणी म्हणालं, नम्रता औषधं घालून पोरी नासवते. कोणी म्हणालं, स्वतःहून सांगितलं तरी. दोन्ही खरं होतं, आणि दोन्ही तिच्या कानावर येत होतं. मेडिकलवाल्याकडे ती गेली आणि म्हणाली, "मला चिठ्ठीशिवाय ती तांबड्या रेघेची ट्यूब का दिलीत?" तो म्हणाला, "तुम्ही कशाला घेतलीत?"

दर्शनचे ओठ फुटले, नाकातून रक्त आलं, मांड्यांवर खाज सुटली. दर महिन्याला रक्त तपासायला रत्नागिरीला जायचं. तिसऱ्या महिन्यात नवी गाठ आली नाही. नम्रताला ते खरं वाटेना. आधीही असंच झालं होतं मे महिन्यात. ती रोज सकाळी त्याचा चेहरा निरखायची, जबड्याच्या खाली सावली दिसली तरी त्याला खिडकीशी उभं करायची. "आई, सारखं बघू नको," तो म्हणायचा. ती मान फिरवायची आणि पुन्हा बघायची.

जानेवारीत तो कॉलेजला गेला, मास्क न लावता. फोटो टाकणाऱ्या मुलाने त्याच्या शेजारी बसून स्वतःच्या पाठीवरच्या गाठींबद्दल विचारलं, हे त्याने घरी येऊन सांगितलं. रागावून नाही, आश्चर्याने. दर्शनने त्यालाही डॉक्टरांचं नाव दिलं होतं. माफी मागितली का, असं नम्रताने विचारलं. "नाही," तो म्हणाला. "पण फोटो काढून टाकलाय."

जूनमध्ये गोळ्या थांबल्या. डाव्या गालावर पाच-सहा खड्डे राहिले. ते पुढे लेझरने थोडे कमी होतील, पूर्ण जाणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाल्या. "परत येऊ शकतं का?" दर्शनने विचारलं. "येऊ शकतं," त्या म्हणाल्या. "आलं तर पहिल्या गाठीला ये. कॉलेज बुडवून बावीस दिवस काढू नकोस."

परवाच्या ऑगस्टमधली गोष्ट. वाडीतली एक बाई आपल्या चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन पार्लरमध्ये आली. मुलीच्या हनुवटीवर आणि कपाळावर टणक, लाल गाठी. नम्रताने त्या पाहिल्या आणि ओळखल्या.

"ताई, पूर्वी तुम्ही द्यायचात ती डबी आहे का?" बाईने विचारलं.

"नाही. देत नाही मी आता. हिला डॉक्टरकडे न्या." तिने कागदावर नाव लिहून दिलं, काय होतं ते डॉक्टरांनी दर्शनला दाखवलं तसं चित्र काढून समजावलं. बाईने कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला, पण तिच्या तोंडावर नाराजी होती. जाताना म्हणाली, "एवढ्याशा पुटकुळ्यांना डॉक्टर?"

दोन आठवड्यांनी नम्रताला तीच मुलगी वाण्याच्या दुकानाबाहेर दिसली. चेहरा स्वच्छ. इतका स्वच्छ की ऊन पडल्यासारखा. कोणीतरी दुसरीने दिली होती. अशा दुसऱ्या किती असतील, तिच्याबरोबर ही कृती शिकलेल्या तिघी कुठे असतील, हे तिला ठाऊक नव्हतं.

ती घरी गेली नाही. तशीच वाडीत गेली, वाट चढून, मनात शब्द जुळवत. बाई दार उघडून रागावली असती, कदाचित म्हणाली असती, तू स्वतः सोळा वर्षं विकलीस ना. म्हणाली असती तर ते खरंच होतं. तिने कडी वाजवली.

दार मुलीनेच उघडलं. आई शेतावर गेली होती.

"काय लावतेस ग चेहऱ्याला?" नम्रता उंबऱ्यावरच खाली बसली. पाय दुखत होते.

मुलगी आत जाऊन देव्हाऱ्यामागून एक गुलाबी डबी घेऊन आली.

"किती दिवस झाले?"

मुलीने बोटांवर मोजलं. "बारा."

बारा दिवस. दर्शनने जवळजवळ सहा महिने लावली होती, शिफाने पाच. नम्रताने डबी हातात घेतली आणि झाकण उघडलं. वास तोच होता.

"तुझी आई येईपर्यंत मी इथे बसते," ती म्हणाली. "जा, पाणी आण मला."